फिरत्या डीजेचे डबे : कोणता किती वाजतो आणि किती वेळ टिकतो (सोलापूर, मार्च ते मे)

१० मार्च : कागदावरची बेरीज

हळद, वाढदिवस, गल्लीतली छोटी वरात, मंगल कार्यालयाचं लॉन. एवढ्या ऑर्डरींना पुरेल, दोघांना उचलता येईल आणि छोट्या हत्तीत बसेल असा डबा, म्हणजे स्पीकर, निवडायचा आहे. गिऱ्हाईक विचारतं, "किती हजार वॅटचा आहे?" दुकानदारही त्याच भाषेत उत्तर देतो. वॅटवरून भाडं ठरतं, आवाज ठरत नाही. म्हणून आधी कागद.

वॅट दुप्पट केले की आवाज ३ डीबी (डेसिबल) वाढतो, दहापट केले की १०. कानाला "दुप्पट झाला" असं वाटायला साधारण तेवढे १० लागतात. ९६ डीबी सेन्सिटिव्हिटीच्या (१ वॅटला १ मीटरवर ९६ डीबी देणाऱ्या) १२ इंची स्पीकरला ५०० वॅट दिले तर १ मीटरवर हिशोबाने १२३ डीबी येतात. ९० डीबीच्या साडेसहा इंचीकडून तेच १२३ काढायचे तर २००० वॅट लागतील, आणि तेवढ्यात त्याची कॉइल (आतलं तांब्याचं वेटोळं) उरणार नाही. हजार वॅटचा डबा पाचशेच्या डब्यापेक्षा "डबल" वाजत नाही. वाजला तर ३ डीबी जास्त, तेही बाकी सगळं सारखं असेल तर.

कंपन्यांचे छापील आकडे शेजारी मांडले : बोस एस१ प्रो १०३ सलग आणि १०९ शिखर (क्षणभराचा सर्वोच्च), जेबीएल इऑन वन कॉम्पॅक्ट ११२, ईव्ही एव्हर्स ८ चे १२१, यामाहा डीबीआर१२ चे १३१, डीबीआर१५ चे १३२, क्यूएससी के१२.२ चे १३२. ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायची. बोसने सलग आणि शिखर वेगळे सांगितलेत, बाकी ठिकाणी मोठा आकडा बहुतेक वेळा शिखराचाच असतो. संगीतात शिखर आणि सरासरी यांत १० ते १२ डीबीचं अंतर सहज असतं. म्हणजे १३२ वाल्या डब्याची नाचणाऱ्याला जाणवणारी सरासरी १ मीटरवर १२० धरावी. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात, म्हणून १६ मीटरवर त्यातले २४ गेले आणि उरले ९६. पार्टी स्पीकरच्या खोक्यावर वॅट ठळक असतात, डीबी बहुधा नसतातच. त्यामुळे मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

१३ मार्च : सामान

क्लास २ चा साउंड लेव्हल मीटर आणि १ किलोहर्ट्झला ९४ डीबी देणारा कॅलिब्रेटर. प्रत्येक सत्राच्या आधी आणि नंतर मीटर कॅलिब्रेटरवर तपासायचा. अर्ध्या डीबीपेक्षा जास्त सरकला तर त्या सत्राचे आकडे रद्द. मायक्रोफोनवर फोमची टोपी हवीच. लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचं सॉफ्टवेअर, सोबत यूएसबी इंटरफेस आणि मोजणीचा ओम्नी माइक, म्हणजे खालच्या, मधल्या, वरच्या सुरांच्या कोणत्या पट्ट्यात किती आवाज आहे ते वेगळं दिसतं. ५० मीटरची टेप, फक्की, क्लॅम्प मीटर, मल्टीमीटर.

मोबाइलवरच्या अ‍ॅपने डबे तोलायचे नाहीत. फोनचा माइक बोलण्यासाठी केलेला असतो. मोठ्या आवाजाला तो आतल्या आत दबतो, आणि मग ११० चा डबा आणि १२० चा डबा दोन्ही एकाच आकड्यावर येऊन थांबतात. एकाच फोनवर, हळू आवाजात, "आधी की नंतर जास्त" एवढं पाहायला तो चालतो.

सिग्नल : वेव्ह फाइलमधला पिंक नॉईज (सगळ्या पट्ट्यांत सारखा जोर असलेला खरखरीचा आवाज), एमपी३ नाही. जोडीला एम-नॉईज. हा मेयर साउंड या स्पीकर कंपनीने तयार केलेला सिग्नल असून स्पीकर मोजण्याच्या एईएस७५ मानकात तोच वापरला आहे. संगीतात वरच्या पट्टीची शिखरं सरासरीच्या मानाने उंच असतात, आणि एम-नॉईज तसाच वागतो. पिंक नॉईजमध्ये जो डबा शहाण्यासारखा वाजतो तो एम-नॉईजला कधीकधी हॉर्नमध्ये (वरचे सूर वाजवणाऱ्या भागात) अडखळतो.

डब्यांवरच्या सेटिंगची शिस्त : गेन लाइनच्या खुणेवर, ईक्यू सपाट, "बेस बूस्ट", "क्लब", "लाऊड" असलं सगळं बंद. पार्टी स्पीकरला ब्लूटूथ न लावता ऑक्सची वायर लावायची. ब्लूटूथवर फोनचा व्हॉल्यूम आणि डब्याचा व्हॉल्यूम एकमेकांत गुंततात आणि कालचं वाचन आज जुळत नाही.

मोजायचे डबे एकेकच आहेत, तेही वापरलेले. त्यावरून आख्ख्या मॉडेलला नाव ठेवणं किंवा डोक्यावर घेणं बरोबर नाही. म्हणून इथे नावं न देता अक्षरं :
क : दोन साडेसहा इंची वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरचा) बॅटरीवाला पार्टी स्पीकर.
ख : ८ इंची बॅटरीवाला पीए (सभा-समारंभाचा) डबा.
ग : १२ इंची पॉवर्ड टॉप (वीज-यंत्रणा आतच असलेला मुख्य डबा), क्लास डी या हलक्या प्रकारचा.
घ : १५ इंची पॉवर्ड टॉप, जुन्या ट्रान्सफॉर्मरचा, जड.

१८ मार्च : रान

जुळे सोलापूरच्या पलीकडे, ज्वारी काढून झालेलं सपाट रान मिळालं. चारही बाजूंना भिंत नाही, घर नाही. धसकटं काढून मोजणीची पट्टी साफ केली. सकाळी सहानंतर सुरू करून ऊन तापायच्या आत आटोपायचं, कारण नऊनंतर वारा उठतो. माइकवर वारा घुमला की ६३ हर्ट्झचा पट्टा फुकटचा फुगतो, आणि खरा बेस किती ते कळत नाही.

मांडणी अशी : डबा जमिनीवर, तोंड माइककडे. ४ मीटरवर प्लायवुडचा तुकडा जमिनीवर पालथा, त्यावर माइक आडवा, अगदी फळीला चिकटून. माइक स्टँडवर धरला तर थेट आवाज आणि जमिनीवरून उसळलेला आवाज थोड्या फरकाने पोचतात आणि काही पट्टे एकमेकांना खातात. माइक जमिनीलाच टेकवला की दोन्ही एकत्र पोचतात आणि सगळीकडे सरळ ६ डीबी वाढतात. ते वजा करायचे. ४ मीटरवरून १ मीटरवर आणायला १२ मिळवायचे. म्हणजे वाचनात ६ मिळवले की १ मीटरचा आकडा तयार.

१ मीटरवरच का मोजत नाही? तिथे हॉर्न आणि वूफर माइकपासून वेगवेगळ्या अंतरावर पडतात, आणि माइक चार बोटं वर-खाली झाला तरी आकडा बदलतो.

पायरी ३ डीबीची, प्रत्येक पायरीवर एक मिनिटाची सरासरी. आत ३ डीबी जास्त देऊन बाहेर २ सुद्धा वाढले नाहीत, तर डबा दबायला लागला असं धरायचं. त्याच्या आधीची पायरी हीच त्याची कामाची पातळी. त्यापुढे मीटर अजून थोडा चढतो, पण तो आवाज फाटका असतो.

२१ मार्च : पहिली वाचनं

सी वेटिंग (बेस जवळपास न कापता मोजायची पद्धत), एक मिनिटाची सरासरी, १ मीटरवर आणून :
क १०४
ख १०९
ग ११८
घ ११९

८ आणि १६ मीटरला तपासलं, प्रत्येक दुपटीला ६ च्या आसपासच पडतो. म्हणजे जागा बरोबर आहे.

१६ मीटरवर हेच आकडे ८०, ८५, ९४ आणि ९५ होतात. लग्नातल्या गर्दीचा स्वतःचाच कलकलाट ७५ ते ८० असतो. क तिथे गर्दीत विरघळून जातो आणि ख जेमतेम डोकं वर काढतो. क आणि घ मधला १५ डीबीचा फरक वॅटने भरून काढायचा तर सुमारे तीसपट वॅट लागतील.

ग आणि घ यांच्यातला १ डीबी मात्र कानाला कळत नाही. घ चं वजन उचलणाऱ्याच्या कमरेला चांगलंच कळतं.

क बद्दल सविस्तर, कारण बाजारात सध्या सगळ्यांची उडी त्यावर आहे. कमी व्हॉल्यूमला क चा बेस ग पेक्षा भरदार लागतो. दुकानात ऐकून माणूस भुलतो तो इथेच. पट्टे वेगळे करून पाहिल्यावर उलगडा होतो : तळातल्या पायरीपासून वरपर्यंत १ किलोहर्ट्झचा पट्टा १८ डीबी वाढला, ६३ हर्ट्झचा जेमतेम ४. आतला प्रोसेसर छोट्या वूफरला वाचवण्यासाठी आवाज वाढेल तसा बेस काढून घेतो. वीस माणसांच्या खोलीत "काय दणका आहे" म्हणणारे लोक गच्चीवर "नुसता पत्रा वाजतोय" का म्हणतात, त्याचं कारण हे. डबा खराब नसतो. त्याच्याकडून त्याच्या मापाबाहेरचं काम मागितलेलं असतं.

वेटिंगचा घोळ टाळावा. ए वेटिंग १०० हर्ट्झला १९ डीबी आणि ६३ हर्ट्झला २६ डीबी कापतं, सी तिथे जवळपास काहीच कापत नाही. डबे तोलताना सी, नियम पाहताना ए. एकाने ए मध्ये मोजलं आणि दुसऱ्याने सी मध्ये, तर त्यांची तुलना व्यर्थ.

२४ मार्च : हलगी

बाजारातल्या मास्टर केलेल्या गाण्यात शिखर आणि सरासरी यांत ८ ते १० डीबीचं अंतर निघतं. माइकवर थेट रेकॉर्ड केलेल्या हलगीत तेच १८ च्या आसपास. म्हणजे लिमिटरला (हद्दीबाहेरचं शिखर दाबणाऱ्या भागाला) न लागता हलगी वाजवायची तर सरासरी ८ ते १० डीबी खाली ठेवावी लागते. डीजेसोबत हलगीचा ताफा माइकवर घ्यायचा असेल तर ख चालणार नाही, ग ची जोडीच लागेल. दाबून वाजवली तर टिपरूचा तडाखा लिमिटर गिळतो आणि हलगी डबडं बडवल्यासारखी ऐकू येते.

२८ मार्च : दुपार

सकाळी मोजलेला आकडा दुपारी साडेतीनला टिकतो का? हळदी दुपारीच असतात आणि मांडवाची सावली डब्यापर्यंत पोचतेच असं नाही.

ग ला कामाच्या पातळीवर गाणी लावून उन्हात ठेवला, पाठ पश्चिमेला. साधारण अर्ध्या तासाने सरासरी २ डीबी उतरली. पुढे हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला) हात लावणं मुश्किल झालं आणि अ‍ॅम्पने स्वतःहून आणखी ३ डीबी कमी केले. समोरचा दिवा पिवळा होतो, पण दुपारच्या उन्हात तो दिसतच नाही. डीजेला वाटतं आवाज कमी पडतोय. तो मास्टर (एकूण आवाजाचं बटण) वर करतो, त्याने अ‍ॅम्प आणखी तापतो.

पहिले २ डीबी कॉइलचे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल १५० अंशांनी तापली की तो दीडपटीच्या पुढे जातो आणि तेवढ्याच व्होल्टला आवाज कमी निघतो. पुढचे ३ अ‍ॅम्पच्या रक्षणाचे. पहिले कुणालाच चुकवता येत नाहीत, दुसरे चुकवता येतात.

डबा फिरवून पाठ पूर्वेला केली, वर चार बांबूंवर पांढरं कापड ताणलं, मागे वीतभर मोकळी जागा ठेवली. दुसरी घसरण आली नाही. कापड डब्यावर पांघरायचं नाही, वर ताणायचं. काळ्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये डबा गुंडाळून "धूळ नको" म्हणणारे भेटतात. धूळ थांबते आणि डबा शिजतो.

३ एप्रिल : मांडवातली वीज

मांडववाल्याच्या १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर ५० मीटर लांब डबे लावले तर जाऊन-येऊन १०० मीटर तांबं होतं, रेझिस्टन्स सुमारे १.१७ ओहम. त्याच वायरवर हॅलोजन आणि कूलर मिळून १० अँपिअर ओढत असतील तर जवळजवळ १२ व्होल्ट वाटेतच गेले. २.५ च्या वायरने तेच ७ वर येतं. साउंडची वायर विजेच्या मीटरपासूनच वेगळी, २.५ ची, आणि कूलरला त्यावर मज्जाव.

घ चा जुना ट्रान्सफॉर्मर १९५ व्होल्टवर दीड डीबी हरवतो. ग चा पॉवर सप्लाय स्विचिंगचा असल्याने त्याला फरक पडला नाही. २१ मार्चला घ जो १ डीबीने पुढे होता तो मांडवात ग च्या मागे जातो.

६ एप्रिल : बॅटरी

खोक्यावरचे १०-१२ तास मध्यम आवाजाचे असतात. ख ला कामाच्या पातळीच्या ३ डीबी खाली सलग वाजवला. चार्ज पाचव्या हिश्श्यावर येईपर्यंत पातळी टिकली, त्यानंतर आधी बेस गेला आणि मग एकूण आवाज. हिशोब कुठल्याही डब्याला करता येतो : बॅटरी ७० वॅट-तासांची असेल आणि डबा सरासरी ४० वॅट ओढत असेल तर पावणेदोन तास. केक कापून, नाचून, जेवायला बसेपर्यंत पुरतं. हळदीला चार्जर हातात धरूनच जायचं.

उन्हात उभ्या टेम्पोत बॅटरीचा डबा चार्जिंगला लावू नये. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये बंद टेम्पोच्या आत त्याहून जास्त होतं. शहाणे डबे चार्जिंग आपोआप थांबवतात, आणि संध्याकाळी बॅटरी रिकामी का म्हणून आरडाओरडा होतो.

वरातीत गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर इन्व्हर्टर लावून ग ची जोडी चालवायचा विचार सोडून द्यावा. इन्व्हर्टरवर १००० वॅटचा भार म्हणजे बॅटरीतून १०० अँपिअरच्या घरात. छोटा जनरेटर बरा, तोही डब्यांपासून लांब आणि अर्थिंगसकट.

११ एप्रिल

भाड्याचा १८ इंची बेस (फक्त खालचे सूर वाजवणारा डबा) मिळत नाही. १४ तारखेच्या मिरवणुकांना गावातले सगळे बेस बाहेर आहेत. पुढे ढकललं.

१७ एप्रिल : बेस आणि जोडी

बेस आला. ग ची जोडी आणि एक १८ इंची.

आधी एकटी जोडी. दोन टॉप शेजारी ठेवले की समोर मधोमध खालच्या पट्टीत ६ डीबी वाढतात, बाजूला उभ्या माणसाला ३ च्या आसपास, आणि वरच्या पट्टीत दोघे एकमेकांना खात-जोडत राहतात. म्हणून एकाच ठिकाणी दोन्ही ठेवायचे असतील तर पाठी जोडून तोंडं बाहेर फाकवावीत.

खरा फायदा बेस जोडल्यावर दिसला. क्रॉसओव्हर (सूर दोन डब्यांत वाटणारी सेटिंग) १०० हर्ट्झला लावून त्याखालचं सगळं बेसकडे दिलं, आणि ग चा लिमिटर ३ डीबी उशिरा लागू लागला. वूफरची हालचाल खालच्या सुरांना जास्त होते. ते ओझं उतरलं की मधला आवाज मोकळा होतो. १२ इंचीच्या जागी १५ इंची घेण्यापेक्षा १२ इंचीखाली एक बेस घालणं हा पैशाचा चांगला उपयोग आहे, हे आता आकड्यानिशी सांगता येतं.

पोलॅरिटी (बेस आणि टॉप एकाच दिशेने हलतात की उलट) तपासायची रीत : फक्त ८० ते १२५ हर्ट्झचा नॉईज सोडायचा, नाचायच्या जागी मीटर धरायचा आणि बेसवरचं बटण एकदा इकडे, एकदा तिकडे. ज्या बाजूला आकडा मोठा ती बाजू. चुकीच्या बाजूला इथे ७ डीबी पडले, आणि असा डबा बाजारात "बेस फुसका आहे" म्हणून परत जातो. बेस टॉपच्या १ मीटर पुढे असेल तर बेसला सुमारे २.९ मिलिसेकंद डिले (मुद्दाम दिलेला उशीर). दुपारी चाळिशीत हवा तापल्यावर २.८. हा फरक सोडून द्यावा.

दोन बेस असतील तर डावीकडे एक आणि उजवीकडे एक ठेवण्याची हौस आवरावी. मधोमध एक पट्टा जोरदार होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडतात. दोन्ही एकत्र, जमिनीवर.

२२ एप्रिल : फरशी आणि पत्रा

मंगल कार्यालयाचा हॉल, खाली फरशी, वर पत्रा. ८ मीटरवरून १६ वर गेलं तरी आवाज २ डीबी सुद्धा उतरला नाही. भिंतींवरून फिरणारा आवाज थेट आवाजाला झाकून टाकतो. अशा जागी ख आणि ग मधला ९ डीबीचा फरक मीटरला दिसतो, पण सूत्रसंचालकाचं बोलणं दोन्हींतून सारखंच घोगरं पोचतं. डबे माणसांजवळ आणायचे, डोक्यावरून खाली कलते, तोंड पत्र्याकडे नाही. मागच्या भिंतीला सोलापुरी चादरी टांगून पाहिल्या : ४ किलोहर्ट्झच्या वरची चरचर कमी होते, ६३ हर्ट्झची घुमघुम ढिम्म हलत नाही.

२७ एप्रिल : हद्दीवर

ध्वनिप्रदूषण नियम, २००० चे आकडे समोर ठेवले. रहिवासी भागात दिवसा ५५ डीबी ए (ए वेटिंगने मोजलेले) आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर होऊ शकतं, तिथे ५० आणि ४०. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यातलं जे कमी ते. खाजगी जागेच्या हद्दीवर फक्त ५ जास्त. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागतेच. रात्री १० नंतर उघड्यावर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं.

आता मोजणीशी जोडून पाहू. लॉनवर नाचायच्या जागी, डब्यापासून ३ मीटरवर, ९५ डीबी ए ठेवले. ४८ मीटरवरच्या कंपाउंडला २४ उतरून ७१ राहतात. रहिवासी भागातल्या खाजगी लॉनला हद्द आहे ६०. म्हणजे ग त्याच्या कामाच्या पातळीच्या आसपासही न जाता नियम मोडतो. "सगळ्यात मोठा डबा कोणता" हा प्रश्न गावाबाहेरच्या लॉनलाच शोभतो.

गावात उपाय दिशेचा. ग च्या मागे १ किलोहर्ट्झच्या वर १५ डीबीपर्यंत कमी मोजले, ए वेटिंगने एकूण १० च्या आसपास. ६३ हर्ट्झला पुढे-मागे फरक २ सुद्धा नाही. डब्यांची पाठ घरांकडे आणि तोंड लॉनच्या आत करावं, आणि नाचणाऱ्यांच्या जितकं जवळ आणता येईल तितकं आणून मास्टर खाली घ्यावा. बेस मात्र भिंतीमागच्या घरात तसाच जातो, आणि तक्रार येते तीही बेसचीच. शेजार दाट असेल तर १८ इंची टेम्पोतच राहू द्यावा.

रात्री आवाज लांब जातो हा भास नाही. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा आवाजाला वर वळवते. रात्री जमीन निवली की तो खाली वाकतो आणि दोन-तीनशे मीटरवरच्या वस्तीत उतरतो. दुपारी तपासलेली पातळी रात्री साडेनऊला तशीच ठेवू नये.

आपल्याच कानांसाठी : ९४ डीबी ए ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं ही कामगारांच्या कानासाठी अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेची शिफारस. टॉपच्या रेषेपुढे उभं राहून मिक्सिंग करणाऱ्याचा हिशोब दोन गाण्यांत संपतो. टेबल मागे.

२ मे : "आवाज कमी येतो" म्हणून आलेले डबे

सीझन चालू असल्याने तक्रारीचे डबेही याच बाकावर तपासले. बहुतेकांत स्पीकर निर्दोष निघाला.

डीजेच्या कंट्रोलरच्या आरसीए आउटमधून (घरगुती साउंडच्या लाल-पांढऱ्या पिनांमधून) थेट टॉपमध्ये : आरसीएची पातळी आणि प्रोफेशनल लाइनची पातळी यांत जवळजवळ १२ डीबीचं अंतर. डबा उपाशी राहतो. एक्सएलआर (तीन पिनांचं प्रोफेशनल) आउट वापरा, नाहीतर मध्ये मिक्सर घ्या.

मोबाइलच्या साडेतीन मिलिमीटर पिनेची वायर एक्सएलआरला, डावा चॅनल पिन २ ला, उजवा पिन ३ ला : बॅलन्स्ड इनपुट दोघांची वजाबाकी करतं. जे दोन्हीकडे सारखं आहे तेच नाहीसं होतं, म्हणजे गायकाचा आवाज आणि बेस. उरतो तो पोकळ कोरस आणि टाळ्या. अशी वायर दिसली की कापून टाकावी, नाहीतर ती पुन्हा कुठल्यातरी पेटीतून वर येते.

एका टॉपला सी वेटिंगवर फक्त १ डीबी कमी, पण गाणं रजईखालून आल्यासारखं. पट्टे पाहिले तर ४ किलोहर्ट्झला १४ डीबीचा खड्डा. हॉर्नच्या ड्रायव्हरची कॉइल तुटलेली. ८ ओहमच्या ड्रायव्हरला मल्टीमीटर ६ च्या आसपास दाखवतो, इथे काहीच दाखवत नव्हता. डायफ्राम बदलली, वरचा पट्टा परत आला. कारण मिक्सरवरचा लाल दिवा. सिग्नल मिक्सरमध्येच छाटला गेला की डब्यातल्या लिमिटरपर्यंत तो छाटलेलाच पोचतो, आणि शिखर दिसत नसल्याने लिमिटर गप्प राहतो. एकच आकडा पाहून डबा पास करू नये, तो यासाठी.

रंगपंचमीच्या ऑर्डरींवरून आलेल्या डब्यांत गुलाल. जाळीमागचा फोम चोंदून ८ किलोहर्ट्झला २ डीबी कमी. जाळी काढून फोम वेगळा झटकावा, उरलेलं व्हॅक्यूमने बाहेरून ओढावं. ओल्या फडक्याने पुसलं की गुलालाचा लगदा होऊन फोममध्येच बसतो. हवेची नळी आत मारली तर पूड कॉइलच्या फटीत जाते आणि मग कोन सरसरतो.

६ मे : वाटप

गच्ची, घरचा वाढदिवस, तीस-चाळीस माणसं, ५ मीटरच्या आत : क किंवा ख. बोलणं जास्त असेल तर ख, कारण त्याचा मधला पट्टा स्वच्छ आहे.
अंगणातली हळद, शंभरेक माणसं : ख ची जोडी दोन कोपऱ्यांत, विजेची खात्री असेल तर ग ची जोडी अर्ध्या जोरात. दुसरं जास्त टिकतं.
गावाबाहेरचं लॉन : ग ची जोडी आणि एक १८ इंची. तीनशेच्या पुढे माणसं असतील तर दुसरा बेस आधी वाढवायचा, टॉप नंतर.
घ विकायला काढायचा. आवाजात कमी नाही, पण वजन आणि व्होल्टचा हट्ट दोन्ही परवडत नाहीत.

जूनसाठी बाकी : पावसाळी कव्हर घालून ग चा हीटसिंक किती तापतो, आणि जाळीवर ओलं कापड चिकटलं तर ४ किलोहर्ट्झच्या वर किती जातं. कव्हर दोन प्रकारची आणायची, मागून उघडं आणि पूर्ण बंद.